ईजीआरचा बिघाड: जुन्या ट्रकचे दुखणे नेमके कुठे असते?

आठ-दहा वर्षे रस्त्यावर घासलेला डिझेल ट्रक गॅरेजात येतो तेव्हा मालकाच्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. चढाला गाडी दम खाते, काळा धूर मारते, अॅव्हरेज पडले आहे, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझत नाही. मिस्त्री बॉनेट उघडतो किंवा केबिन पुढे झुकवतो, ईजीआरचा वॉल्व्ह काढून दाखवतो आणि आतला डांबरासारखा काळा थर पाहून सगळ्यांची खात्री पटते की दोष इथेच आहे. पुढचा सल्लाही तयारच असतो: ‘ही भानगडच बंद करून टाकू.’ एक पत्र्याची पट्टी, दोन बोल्ट, अर्ध्या तासाचे काम.

हा सल्ला महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रक टर्मिनलवर ऐकू येतो. तो बरोबर की चूक, हे कायद्याचा धाक दाखवून किंवा पर्यावरणाचे नाव घेऊन ठरवता येत नाही. त्यासाठी ही यंत्रणा काय करते, ती का बिघडते, बिघाड कसा शोधायचा आणि प्रत्येक उपायाची खरी किंमत काय, हे सगळे एकत्र पाहावे लागते. या लेखात तो प्रयत्न आहे.

यंत्रणा आली कशासाठी?

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कोणाच्या अध्यात-मध्यात नसतो. पण डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ज्वालेचे तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की हाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे, म्हणजे नॉक्स, तयार होतात. तापमान जितके वर, तितका हा वेग झपाट्याने वाढतो. रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९४० च्या दशकात या रासायनिक क्रियेची मांडणी केली आणि इंजिन बनवणारे आजही तिचाच आधार घेतात.

ज्वाला थोडी थंड केली तर नॉक्स कमी होईल, हा त्यातून निघालेला सरळ मार्ग. एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जास्त असते. त्यातला काही भाग परत इनटेकमध्ये सोडला की सिलिंडरमधल्या मिश्रणातला ऑक्सिजन कमी होतो. शिवाय हे वायू उष्णता शोषून घेतात. ज्वालेचे शिखर-तापमान खाली येते आणि नॉक्स मोठ्या प्रमाणात घटतो. एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन, अर्थात ईजीआर, ते एवढेच.

याची किंमतही तेवढीच उघड आहे. ऑक्सिजन कमी झाला की काजळी वाढते. नॉक्स दाबावा तर धूर वर येतो, धूर दाबावा तर नॉक्स. डिझेल इंजिनाची सगळी रचना या ओढाताणीतला समतोल साधण्यासाठी असते. ईजीआर बिघडतो तेव्हा हा समतोल ढळतो. त्यामुळे त्याची लक्षणे फक्त वॉल्व्हपुरती राहत नाहीत, सगळ्या इंजिनावर दिसतात.

भारतीय ट्रकमधला प्रवास

अमेरिकेत पेट्रोल मोटारींवर ईजीआर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बसू लागला. अवजड डिझेल ट्रकवर, वायू थंड करणाऱ्या कूलरसह, तो तिथे २००२ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर आला. आपल्याकडे त्याची गरज भारत स्टेज मानकांनी निर्माण केली. अवजड डिझेल इंजिनांसाठी नॉक्सची मर्यादा बीएस-थ्रीमध्ये दर किलोवॅट-तासाला ५ ग्रॅम होती, बीएस-फोरमध्ये ती ३.५ ग्रॅमवर आली. धुरातल्या कणांची मर्यादा तर ०.१० वरून ०.०२ ग्रॅमवर, म्हणजे एक-पंचमांशावर आली. बीएस-थ्री देशभर २०१० मध्ये लागू झाले. बीएस-फोर आधी मोजक्या शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर आले. त्याच्या तीन दिवस आधी, २९ मार्च २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बीएस-थ्री वाहनांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली आणि कंपन्यांच्या आवारात उभ्या असलेल्या लाखो गाड्यांचा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला.

बीएस-फोर गाठताना ट्रक कंपन्यांसमोर दोन रस्ते होते. एक ईजीआरचा. दुसरा एससीआरचा, म्हणजे एक्झॉस्टमध्ये युरियाचे द्रावण फवारून नॉक्स नंतर नष्ट करण्याचा. टाटा मोटर्सने साधारण १८० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनांना ईजीआर आणि त्यावरच्या इंजिनांना एससीआर अशी विभागणी केली. अशोक लेलँडने ‘आयईजीआर’ या नावाने मोठ्या इंजिनांसाठीही ईजीआरचाच मार्ग धरला. चालकाला युरियाची टाकी भरत बसावे लागत नाही, हे त्यामागचे मोठे आकर्षण होते आणि भारतीय रस्त्यांवर ते खरेही होते. त्या काळातले हे ट्रक आज वापरातल्या बाजारात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. ईजीआरचा प्रश्न मुख्यतः त्यांचाच आहे.

या तंत्राकडून किती अपेक्षा करावी यालाही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या नॅव्हिस्टार कंपनीने २०१० ची कडक मानके एससीआरशिवाय, निव्वळ ईजीआरच्या जोरावर गाठण्याचा हट्ट धरला. तो फसला आणि २०१२ मध्ये कंपनीला एससीआरकडे वळावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस महिंद्राने चाकणच्या संयुक्त ट्रक प्रकल्पातला नॅव्हिस्टारचा वाटा विकत घेण्याचे जाहीर केले. बीएस-सिक्समध्ये आपल्याकडेही बहुतेक मोठ्या ट्रकांवर एससीआर आले. ईजीआर हे तंत्र खोटे नाही, मात्र ते निगा मागते. आपल्याकडे नेमकी तीच दिली गेली नाही.

बिघाड किती प्रकारचे?

ईजीआर खराब झाला असे म्हणताना तीन वेगळे आजार एका नावाखाली येतात.

पहिला, वॉल्व्ह उघडा अडकणे. काजळीमुळे झडप पूर्ण मिटत नाही. पूर्ण भारावर, जेव्हा इंजिनाला स्वच्छ हवेची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाही धूर आत येत राहतो. टर्बोला दाब चढत नाही, पिकअप जातो, काळा धूर निघतो, आयडलिंगला इंजिन थरथरते. खंबाटकी किंवा कसारा घाटात गाडी दम खाते ती बहुधा यामुळे.

दुसरा, वॉल्व्ह बंद अडकणे किंवा मार्ग चोंदणे. गाडी चालवताना चालकाला फारसे काही जाणवत नाही, क्वचित इंजिनाचा ठोका कडक वाटतो. दिवा मात्र पेटतो आणि नॉक्स वाढतो.

तिसरा आणि सर्वांत धोक्याचा, कूलर फुटणे. एक्झॉस्टचा वायू थंड करण्यासाठी त्याच्या नळ्यांभोवती इंजिनाचे कूलंट फिरते. नळीला चीर पडली की कूलंट एक्झॉस्टमध्ये किंवा थेट इनटेकमध्ये जाते. बाहेर एक थेंबही गळत नाही, तरी रेडिएटरची पातळी उतरत राहते. सकाळी गाडी चालू करताना पांढरी वाफ दिसते. रात्रभर सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर स्टार्टर मारताच पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अमेरिकेत फोर्डच्या ६ लिटर डिझेल इंजिनाचे नाव ज्या दुखण्यांमुळे खराब झाले, त्यांत ईजीआर कूलर आघाडीवर होता.

कार्बन येतो कुठून?

इथे या प्रश्नाचा गाभा आहे. वॉल्व्हवर साचलेला कार्बन वॉल्व्ह तयार करत नाही. तो सिलिंडरमध्ये तयार होतो, वॉल्व्ह त्याच्या वाटेत असतो एवढेच. म्हणून साफ केलेला किंवा नवा कोरा वॉल्व्हही काही महिन्यांत पुन्हा चोंदला, तर शोध दुसरीकडे घ्यावा लागतो.

नोजल झिजले की डिझेलचे बारीक फवारे न होता थेंब पडतात आणि ते अर्धवट जळतात. एअर फिल्टर तुंबला, इंटरकूलरचा होज फाटला किंवा क्लॅम्प सैल झाला की हवा कमी पडते. टर्बोचे सील गेले की इंजिन ऑइल इनटेकमध्ये येते. क्रँककेसची तेलकट वाफही तिथेच पोचते. ऑइलचा ओलावा आणि कोरडी काजळी एकत्र आली की तो चिकट थर तयार होतो. कोरडी काजळी बऱ्याच अंशी उडून जाते, तेलात भिजलेली चिकटून बसते.

यात आपल्या गॅरेजांच्या काही जुन्या सवयींची भर पडते. इंजिन गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे ही त्यातली सर्वांत महागात पडणारी. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन कायम थंड चालते. थंड कूलरच्या भिंतीवर न जळलेल्या डिझेलची वाफ जमते आणि काजळी त्यात रुतते. दुसरी सवय, कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओतण्याची. जड पाण्याचा क्षार रेडिएटरमध्ये साचतो तसाच ईजीआर कूलरच्या अरुंद वाटांतही साचतो. त्या जागी पाणी उकळते, नळी एकाच ठिकाणी तापते आणि तडकते. ‘कूलरच निकृष्ट होता’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा आधी रेडिएटरची टोपी उघडून पाण्याचा रंग पाहावा.

डिझेलचा वाटाही मोठा होता. बीएस-थ्रीच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम होती, बीएस-फोरमध्ये ५० आणि आज १० आहे. गंधक जळून बनलेले वायू कूलरमधल्या ओलाव्यात मिसळले की गंधकाम्ल तयार होते आणि ते धातू खाते. आजचे पंपावरचे डिझेल त्या मानाने खूपच स्वच्छ आहे. पण स्वस्तात मिळते म्हणून रस्त्याकडेचे भेसळीचे डिझेल भरणारा मालक तो जुना त्रास पुन्हा विकत घेतो.

इंजिन ऑइलचेही तसेच. ईजीआर असलेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल दोन्ही जास्त येतात. हे सोसण्यासाठीच अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००२ मध्ये सीआय-४ हा दर्जा आणला. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीला चालणारे सीएफ-४ ऑइल या इंजिनात घालणे म्हणजे बेअरिंग आणि टर्बोचे आयुष्य कमी करणे. डब्यावरचा दर्जा वाचून ऑइल घेणे हा ईजीआरच्या देखभालीतला सर्वांत सोपा भाग आहे.

आणि शेवटी चालवण्याची पद्धत. न्हावा-शेवा बंदराबाहेर किंवा बाजार समितीच्या दारात तासन् तास इंजिन चालू ठेवून रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीचे इंजिन नीट तापतच नाही. हलक्या भारावर आणि मंद वेगात काजळी साचते. चांगल्या भारावर लांब पल्ला मारणाऱ्या गाडीत हे प्रमाण कमी दिसते.

शोधण्याचा क्रम

चांगला मिस्त्री वॉल्व्हला सर्वांत शेवटी हात लावतो. हा क्रम पाळला तर निम्मा खर्च वाचतो.

सुरुवात कूलंटपासून करावी, कारण तिथे चूक झाली तर इंजिन जाते. पातळी उतरते आहे का, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, ऑइल दुधाळ झाले आहे का, हे पाहावे. शंका असेल तर ईजीआर वॉल्व्ह काढून कूलिंग सिस्टिमला हाताच्या पंपाने दाब द्यावा आणि इनटेकच्या बाजूला ओल दिसते का ते तपासावे. कूलर काढलाच असेल तर दोन्ही तोंडे बंद करून, हवेचा दाब देऊन गरम पाण्यात बुडवावा. काही चिरा धातू गरम झाल्यावरच उघडतात.

मग हवेची वाट: फिल्टर, होज, क्लॅम्प, इंटरकूलर, टर्बो. साबणाचे पाणी लावले की गळती दिसते. त्यानंतर नोजल आणि डिझेल. मग थर्मोस्टॅट. मग वायरिंग, कनेक्टर आणि, वॉल्व्ह हवेच्या दाबावर किंवा व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर, त्याची नळी. दहा वर्षांच्या गाडीत रबरी नळीला पडलेली बारीक चीर पूर्ण वॉल्व्ह बदलण्याच्या खर्चाला कारणीभूत ठरू शकते. हातपंपाने व्हॅक्यूम दिला की झडप हलली पाहिजे आणि तो व्हॅक्यूम टिकला पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक इंजिनात स्कॅनर लावावाच. पी ०४०१ हा कोड ईजीआरचा प्रवाह अपुरा असल्याचे सांगतो, पी ०४०२ प्रवाह जास्त असल्याचे. पी ०४०३ हा वॉल्व्हच्या विद्युत मंडलाचा दोष, तर पी ०४०५ आणि पी ०४०६ हे सेन्सरच्या संदेशाचे. कोड हा निकाल मानू नये, तो शोधाचा पत्ता आहे. पी ०४०१ चोंदलेल्या मार्गामुळे येतो, तसाच हवा मोजणाऱ्या मळक्या सेन्सरमुळेही येतो. म्हणून कोड वाचून थांबू नये. गाडी चालू असताना संगणक वॉल्व्हला किती उघडायला सांगतो आणि तो प्रत्यक्षात किती उघडतो, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही जुळत असतील तर वॉल्व्हची हालचाल बरोबर आहे.

उपायांचा ताळेबंद

साफसफाई हा पहिला उपाय आणि वेळेत केली तर बहुतेकदा पुरेसा. वॉल्व्ह गाडीवरून उतरवून साफ करावा. मोटर आणि सेन्सरचा भाग द्रावणात बुडवू नये. मऊ ब्रश आणि कार्बन क्लीनर वापरावा, झडपेच्या बैठकीवर पोलादी तारेचा ब्रश मारू नये. मॅनिफोल्ड जागेवर खरवडला तर कार्बनचे खडे सिलिंडरमध्ये पडतात, म्हणून तोही उतरवावा. जुने बोल्ट तुटू नयेत यासाठी आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवावे. गॅस्केट नवीनच घालावे. काम झाल्यावर स्कॅनरने वॉल्व्हची नवी शून्यस्थिती संगणकाला शिकवावी. अनेक गाड्यांत हे राहून जाते आणि साफ केलेला वॉल्व्हही ‘खराब’ ठरतो. चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये ज्वालाग्राही फवारा मारण्याचा शॉर्टकट डिझेलमध्ये करूच नये. तो फवारा इंधनासारखा जळतो आणि इंजिन अनावर होऊ शकते.

वॉल्व्ह बदलणे तेव्हाच योग्य, जेव्हा मोटर जळली आहे, गिअर तुटला आहे किंवा झडपेची बैठक झिजली आहे. भंगार बाजारातला वॉल्व्ह स्वस्त मिळतो, पण तोही तितकाच चाललेला असतो. कूलर फुटला असेल तर तो बदलावा. पातळ नळ्यांना मारलेले वेल्डिंग तापण्या-थंड होण्याच्या फेऱ्यांत टिकत नाही आणि पुढच्या वेळी नुकसान इंजिनाचे होते.

आता पट्टी मारण्याचा उपाय. त्याने अनेकदा गाडी लगेच सुधारते, हे मान्य केले पाहिजे. उघडा अडकलेला वॉल्व्ह बंद झाला की पिकअप परत येणारच, आणि इनटेकमध्ये काजळीही कमी जाते. पण तोच पिकअप साफ केलेल्या वॉल्व्हनेही परत आला असता. पट्टीने नोजल दुरुस्त होत नाही, टर्बोचे सील बदलत नाही, थर्मोस्टॅट परत येत नाही. कूलर कूलंटच्या फेऱ्यात तसाच राहतो, त्यामुळे फुटण्याचा धोकाही तसाच. इंजेक्शनची वेळ आणि मात्रा ईजीआर चालू आहे असे गृहीत धरून ठरवलेली असते. तो बंद केला की सिलिंडरचे शिखर-तापमान वाढते. संगणक दोष ओळखून ताकद कमी करतो, मग सॉफ्टवेअर बदलायला दुसरा माणूस शोधावा लागतो. त्यानंतर पुढचा खरा दोष दाखवणारा दिवाही विश्वासाचा राहत नाही.

कायदा, तपासणी आणि हवा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तरीही पट्टी सर्रास चालते, कारण तपासणी तिला पकडत नाही. डिझेल वाहनाच्या पीयूसीमध्ये अॅक्सिलरेटर दाबून धुराची घनता मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. ईजीआर बंद केल्यावर धूर कमी आणि नॉक्स जास्त होतो. म्हणजे हवा अधिक बिघडवणारी गाडी पीयूसीत अधिक चांगली ठरते. ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे आणि तिचा दोष मिस्त्रीवर टाकता येत नाही. मोठ्या कंपन्याही या मोहातून सुटलेल्या नाहीत. २०१५ मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगन प्रकरणातल्या डिझेल मोटारींचे सॉफ्टवेअर चाचणीत नॉक्स आटोक्यात ठेवत असे आणि रस्त्यावर ते नियंत्रण सैल सोडत असे. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने तपास केला आणि कंपनीला सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

नॉक्स डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी नाही. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना त्रास देतो, उन्हात त्यातून जमिनीलगतचा ओझोन बनतो आणि अमोनियाशी मिळून सूक्ष्म कण तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅम सुचवली, आपले मानक ४० आहे. डिझेलच्या एकंदर धुराला याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत टाकले. हा धूर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त घेणारे लोक म्हणजे चालक, क्लीनर आणि गॅरेजातली पोरे.

काय करावे?

सगळ्या बाजू पाहिल्यावर माझे मत स्पष्ट आहे. ईजीआर बंद करणे हा दुरुस्तीचा प्रकार नाही, तो दुरुस्ती टाळण्याचा प्रकार आहे आणि टाळलेला खर्च पुढे टर्बो, नोजल किंवा इंजिनाच्या रूपाने येतोच. पण हे मत मालकाच्या गळी उतरवायचे असेल तर व्यवस्थेनेही आपला वाटा उचलला पाहिजे. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनाचे पासिंग दरवर्षी होते. त्या वेळी संगणकातल्या नोंदी वाचणे आणि ईजीआर प्रत्यक्ष चालतो का ते पाहणे अवघड नाही. पीयूसीमध्ये नॉक्सचे मापन यायला हवे. कंपन्यांनी जुन्या मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तके आणि स्कॅनरची माहिती रस्त्यावरच्या गॅरेजांना परवडेल अशा दरात, मराठी-हिंदीत दिली पाहिजे. एक दिवस गाडी उभी राहिली तर ज्याचा हप्ता अडतो, त्या मालकाला झटपट उपाय हवा असतो. योग्य उपाय झटपट व्हावा यासाठी मिस्त्रीला साधने द्यावी लागतील.

ट्रकमालकांना एवढेच सांगणे आहे: पुढच्या वेळी मिस्त्री पट्टी हातात घेईल तेव्हा त्याला थांबवा आणि चार गोष्टी आधी तपासायला सांगा. कूलंट, हवेची वाट, नोजल आणि थर्मोस्टॅट. त्यानंतर वॉल्व्ह साफ करून घ्या, सीआय-४ किंवा त्यावरच्या दर्जाचे ऑइल घाला आणि रेडिएटरमध्ये कूलंटच भरा. जुना ट्रक एवढ्यावर बरीच वर्षे नीट चालतो.